शेकाट्याच्या आतड्यातले दोन कृमी: एका ओळखीची हकिगत

पार्श्वभूमी

मार्चमधल्या एका संध्याकाळी गोदावरी खोऱ्यातल्या आमच्या तालुक्यात गारपीट झाली. सकाळी वनरक्षकांचा फोन आला. पाझर तलावाच्या काठावर पक्षी मरून पडले होते. त्यात शेकाटे सर्वांत जास्त, काही चिखल्या आणि दोन टिटव्या. गावाचं नाव, माणसांची नावं आणि साल मी इथे देत नाही. बाकी घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

आमचा एका लहान महाविद्यालयातला प्राणिशास्त्र पदव्युत्तर विभाग. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार मेलेला वन्यपक्षीही शासनाची मालमत्ता असतो, रस्त्यावरून उचलून प्रयोगशाळेत आणता येत नाही. म्हणून नैसर्गिकरीत्या मेलेल्या पाणपक्ष्यांतले परजीवी तपासण्याची परवानगी आम्ही वर्षभर आधीच मागितली होती आणि ती मिळालेली होती. त्या कागदामुळेच वनरक्षकांनी आम्हाला फोन केला. पंचनामा झाला, तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. पंख मोडलेले, डोक्याला मार. मृत्यूचं कारण गारा. त्यातले सात शेकाटे आमच्याकडे यायचे ठरले.

काम होतं एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचं: आतड्यात पट्टकृमी सापडतात का, आणि सापडले तर कोणते. पट्टकृमी (टेपवर्म) म्हणजे फितीसारखा, एकामागोमाग एक खंडांचा बनलेला चपटा परजीवी. तो एका पक्ष्यातून थेट दुसऱ्यात जात नाही. अंडी विष्ठेतून पाण्यात किंवा चिखलात पडतात, तिथे एखादा बारीक कवचधारी जीव, गांडुळाच्या जातीचा किडा किंवा कीटकाची अळी ती गिळते, तिच्या शरीरात कृमीची पुढची अवस्था वाढते, आणि पक्ष्याने तो जीव टिपला की कृमी आतड्यात पोचतो. म्हणजे कृमीची ओळख नीट पटली तर पक्षी कोणत्या चिखलात काय टिपत होता याचा माग लागू शकतो. शेकाट्याला आपण रोज पाहतो, लांब लाल पायांवर उथळ पाण्यात फिरताना. त्याच्या चोचीत नेमकं काय जातं ते मात्र काठावरून दिसत नाही.

पहिला निर्णय: थांबायचं की उघडायचं

मृत्यूचं कारण समोर दिसत होतं, तरी डॉक्टरांनी बर्ड फ्लूसाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवायला लावले. अहवाल येईपर्यंत पक्षी डीप फ्रीजरमध्ये बंद राहणार होते. विभागातल्या काहींना हे जास्तीचं वाटलं. गारांनी मेलेल्या पक्ष्याला कसला फ्लू, असं एकजण म्हणाले.

मला डॉक्टरांचं पटलं. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला होता. विषाणू अंगात असलेला पाणपक्षी वरून धडधाकट दिसू शकतो, आणि आमच्या प्रयोगशाळेत हातमोजे आणि मास्क यापलीकडे संरक्षण नव्हतं. शेजारच्या वस्तीत प्रत्येक घरी कोंबड्या आहेत. आम्ही थांबलो. अहवाल अकराव्या दिवशी आला, सगळे नमुने निगेटिव्ह.

त्या अकरा दिवसांची किंमत किती आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं, हाताने कधी अनुभवलं नव्हतं. पक्षी मेला की काही तासांतच कृमीच्या डोक्यावरचे हूक गळायला लागतात. कृमीच्या डोक्याला स्कोलेक्स म्हणतात. त्यावर आतड्याला चिकटून राहण्यासाठी चार चूषक असतात आणि पुष्कळ जातींत मध्यभागी रोस्टेलम नावाची सोंड असते. तिच्यावरच्या हुकांची संख्या, आकार आणि लांबी यांच्यावर निम्मी ओळख उभी असते. गोठून वितळलं की त्वचा सुटते, शरीराची पट्टी तुटते, आणि कुठला तुकडा कुठल्या डोक्याचा हे सांगता येत नाही.

अडचण

सातपैकी पाच पक्ष्यांत पट्टकृमी निघाले. पहिल्या दोन पक्ष्यांच्या वेळी आम्ही एक चूक केली, ती इथेच सांगते. आतडं चिरून नळाखाली धुतलं आणि धुवण बेसिनमध्ये सोडून दिलं. साध्या पाण्यात कृमी फुगतात, आणि धुवणाबरोबर बारीक कृमी निघून जातात. तिसऱ्या पक्ष्यापासून आतडं ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात उघडलं, आतलं अस्तर खरवडलं, धुवण उंच काचपात्रात निवळू दिलं आणि तळाचा गाळ स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली थोडा थोडा पाहिला. त्या गाळात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे कृमी होते. पहिल्या दोन पक्ष्यांतही ते असतील तर नाल्यात गेले.

मोठे कृमी आतड्याच्या पुढच्या भागात होते, तुकड्यांत. कार्माइनने रंगवून, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून पाणी काढून, लवंग तेलात पारदर्शक करून कॅनडा बाल्सममध्ये स्लाइड बनवल्या. विद्यार्थिनीने दोन गट केले.

'अ' गट सडपातळ. प्रत्येक खंडात वृषणं आणि खंडाच्या मानाने अवाढव्य, काटेरी सिरस, म्हणजे नराचं मैथुनांग. अंडाशयाचा पत्ता नाही.

'ब' गट रुंद आणि जाड. खंडात अंडाशय, पुढच्या खंडांत अंड्यांनी भरलेलं गर्भाशय. सिरस कुठेच नाही. योनिमार्ग बाहेर उघडतानाही दिसत नाही.

एकाही डोक्यावर धड हूक उरले नव्हते.

"मॅडम, हे दोन येगळेच दिसायलेत. आन् ब तर कीमध्ये बसतच नाही," ती म्हणाली. बरोबर होतं तिचं. वर्गीकरणाच्या कीमध्ये, म्हणजे एकेक प्रश्न विचारत ओळखीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, वृषणं किती, सिरस कसा, हूक किती हे प्रश्न सुरुवातीलाच येतात. 'ब' कडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवला, आणि तो अगदी मनापासून सुचवला होता: कीमध्ये बसत नाही म्हणजे नवी जात आहे, वर्णन लिहा, प्रबंधाला वजन येईल. सादरीकरणाला सहा आठवडे उरले होते. विद्यार्थिनीचे डोळे चमकले, आणि खरं सांगायचं तर माझेही. पण कीमध्ये न बसण्याची कारणं अनेक असतात आणि नवी जात हे त्यातलं सगळ्यांत दुर्मीळ कारण. आपल्याकडे पट्टकृमींची कितीतरी वर्णनं एकदोन चेपलेल्या, डोकं नसलेल्या नमुन्यांवर उभी आहेत, आणि पुढच्या माणसाला ती ना मान्य करता येतात ना खोडता येतात. त्या ढिगाऱ्यात आणखी एक नाव घालायची माझी तयारी नव्हती.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त डीएनए. तुकडे पाठवायचे, त्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम जुळवायचा, मिळेल ते नाव लावायचं. अडचण अशी की पाणपक्ष्यांच्या पट्टकृमींपैकी फार थोड्यांचे क्रम सार्वजनिक संग्रहांत आहेत. तुलना करायला शेजारीच नसतील तर क्रमाला नाव कुठून मिळणार?

तिसरा पर्याय प्रामाणिक पण कोरडा: 'पट्टकृमी, ओळख अपूर्ण' एवढं लिहून मोकळं व्हायचं.

चौथ्यात कष्ट होते. 'अ' आणि 'ब' यांचं नातं काय हा एकच प्रश्न धरायचा, आणि त्याची जेवढी उत्तरं शक्य आहेत ती एकेक करून तपासायची. आम्ही हा घेतला. नावाचा प्रश्न बाजूला ठेवला की मन शांत होतं, हे त्या दिवशी मी विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर पाहिलं.

काय केलं

आम्ही फळ्यावर चार शक्यता लिहिल्या.

एक, दोन वेगळ्या जाती. दोन, एकाच कृमीचे पुढचे आणि मागचे तुकडे. बहुतेक पट्टकृमी उभयलिंगी असतात आणि खंडात आधी नराची इंद्रियं वाढतात, मग मादीची. तेव्हा 'अ' म्हणजे कोवळे खंड आणि 'ब' म्हणजे पिकलेले, असंही असू शकलं असतं. तीन, याच्या उलट क्रम. चिखल्यांच्या गणातल्या पक्ष्यांत प्रोगायनोटेनिइडी नावाचं एक कुळ सापडतं, त्यात मादीची इंद्रियं आधी येतात. चार, 'अ' नर आणि 'ब' मादी.

चौथी शक्यता मी लिहिली तेव्हा वर्गात कुजबुज झाली. पट्टकृमी उभयलिंगी असतो हे आपण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला घोकून घेतो. पण पक्ष्यांत याला थोडे अपवाद आहेत, आणि ते जुने आहेत. स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या ओटो फुरमान यांनी १९०० मध्ये डायोसिओसेस्टस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी केली. आपल्या टिबुकलीच्या कुळातल्या पाणडुब्यांमध्ये ती राहते आणि तिच्यात नर आणि मादी हे वेगवेगळे कृमी असतात. त्याआधी वर्षभर, १८९९ मध्ये, फुरमान यांनीच जायरोसीलिया ही प्रजाती स्थापली होती, काठपक्ष्यांतली. केबल आणि मायर्स यांनी १९५६ मध्ये चिखल्यांच्या कुळातल्या एका पक्ष्यातून तिची नर-मादी वेगळी असलेली जात वर्णिली. ही माहिती माझ्या डोक्यात कुठेतरी होती. माझ्या सरांनी पंचवीस वर्षांपूर्वी एका तासाला जाता जाता सांगितलेलं ते वाक्य.

आता तपासणी. दुसरी आणि तिसरी शक्यता एकाच पद्धतीने निकालात निघणार होती: ज्याला स्वतःची मान (डोक्यामागचा भाग, जिथून नवे खंड फुटतात) आहे असा अखंड 'अ' आणि तसाच अखंड 'ब' मिळाला पाहिजे. गोठलेल्या पक्ष्यांत तो नव्हता. तुकड्यांच्या टोकांना टोकं जुळवत विद्यार्थिनी चार दिवस बसली, पण खात्री देता येईना.

मार्ग अनपेक्षित ठिकाणी निघाला. शवविच्छेदनाची नोंद पुन्हा वाचताना एक ओळ दिसली: एका पक्ष्याच्या आतड्याचा भाग ऊती तपासणीसाठी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवला होता. पक्षी गोठण्याआधी, उघडला त्याच टेबलावर. आम्ही दवाखान्यात गेलो. बरणी कपाटात तशीच होती, कारण मृत्यूचं कारण स्पष्ट असल्याने ती तपासणी पुढे झालीच नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, आधी सांगितलं असतं तर सगळ्यांचंच ठेवलं असतं की!"

त्या बोटभर आतड्यात दोन कृमी होते, शेजारी शेजारी. एक सडपातळ, एक रुंद. दोघांनाही डोकं, दोघांनाही मान. सडपातळ कृमीच्या मानेपासून शेवटच्या खंडापर्यंत आम्ही अंडाशयाचा ठिपका शोधला, तो कुठेही नव्हता. रुंद कृमीच्या सगळ्यांत कोवळ्या खंडांत वृषणाचा मागमूस नव्हता. दुसरी आणि तिसरी शक्यता फळ्यावरून पुसली.

एका डोक्याच्या रोस्टेलमवर हूक जागेवर होते. ते साध्या वर्तुळात नव्हते, एका नागमोडी ओळीत होते. पिकलेल्या 'ब' खंडांत गर्भाशय कड्यासारखं गोल आणि बाहेरच्या बाजूने फुगवटे आलेलं. जायरोसीलिया या ग्रीक नावातच वलयाकार पोकळीचा अर्थ आहे, आणि ते वलय समोर स्लाइडवर होतं. विद्यार्थिनीने मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

इथे घाई करायचा मोह होता, पण शेकाट्याच्या बाबतीत आणखी दोन जवळचे संशयित असतात. अकोलियस आणि डिप्लोफॅलस या दोन्ही प्रजाती शेकाट्यांमध्ये सापडतात आणि त्यांच्यातही योनिमार्ग बाहेर उघडत नाही, सिरस दणकट आणि काटेरी असतो. फरक असा की त्यांच्या खंडांत नर आणि मादी दोन्ही इंद्रियं एकत्र असतात, आणि डिप्लोफॅलसमध्ये तर प्रत्येक खंडात नराच्या मैथुनांगांची जोडी असते. आमच्या 'अ' मध्ये खंडागणिक एकच सिरस, आणि मादीचं काहीच नाही. दोघे वगळले.

पहिली शक्यता मात्र अजून फळ्यावर होती. दोन वेगळ्या जाती, एकीचे फक्त नर आणि दुसरीच्या फक्त माद्या, हे जवळजवळ अशक्य. पण 'जवळजवळ' वर थांबायचं नव्हतं. फॉर्मॅलिनमधल्या कृमींचा डीएनए वाचणं अवघड, म्हणून इथे गोठलेले तुकडे कामाला आले. प्रत्येक तुकड्याची दोन टोकं स्लाइडला आणि मधला भाग अल्कोहोलमध्ये, असं केलं. त्यामुळे ज्याचा क्रम वाचला त्याचं शरीरही आपल्याकडे राहतं. २८एस या जनुकाचा भाग 'अ' आणि 'ब' मध्ये अक्षर न् अक्षर सारखा आला. कॉक्स-१ हे जनुक जातीजातींतला फरक जास्त बारकाईने दाखवतं. त्याच्या प्रती काढण्याची अभिक्रिया दोनदा फसली आणि तिसऱ्यांदा करायला पैसे उरले नव्हते. २८एस हळू बदलतं, जवळच्या दोन जातींतही ते सारखं येऊ शकतं. त्यामुळे एकट्या त्याच्या जोरावर मी काही म्हटलं नसतं. शरीररचना, एकाच जागी जोडीने सापडणं आणि हा क्रम, तिन्ही एकाच बाजूला झुकले तेव्हा 'अ' आणि 'ब' ही नावं आम्ही बंद केली.

निकाल

नोंद अशी झाली: जायरोसीलिया, जात अनिश्चित, नर आणि मादी, यजमान शेकाट्या, आतड्याचा पुढचा भाग. जातीपर्यंत आम्ही गेलो नाही. हूक नीट उरलेलं डोकं एकच होतं, आणि एका डोक्यावरून हुकांची संख्या आणि लांबी यांची व्याप्ती कळत नाही. या प्रजातीतल्या जुन्या वर्णनांपैकी काही अशी आहेत की ती उभयलिंगी कृमीची आहेत की नर-मादी वेगळे न ओळखता केलेली, हा प्रश्न वाचताना पडतो. त्यांच्याशी आमचं एक डोकं ताडून बघणं म्हणजे अंदाज झाला असता.

गाळातल्या बारीक कृमींचं काम अर्धंच राहिलं. मोजता आलेल्या खंडांत तीन वृषणं होती आणि एकूण ठेवण हायमेनोलेपिडिडी कुळाची. काठपक्ष्यांत या कुळाच्या प्रजाती पुष्कळ आहेत: अॅप्लोपॅरॅक्सिसमध्ये वृषण एकच असतं म्हणून ती वगळता आली, चूषकांवर काटे दिसले नाहीत म्हणून एकिनोकोटाइलही बाजूला ठेवावीशी वाटली, पण गोठलेल्या नमुन्यात काटे नव्हतेच की गळून गेले हे कोण सांगणार? तिथे कुळाचं नाव लिहून थांबलो.

प्रबंध तीन आठवडे उशिरा गेला. त्यात 'नवी जात' हे प्रकरण नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एवढ्या कामानंतर जातीचं नाव का नाही? तिने उत्तर दिलं की नाव लावायला किती डोकी लागतील ते मी सांगू शकते, आणि माझ्याकडे एक आहे. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, स्लाइड मागितली आणि स्वतः पाहिली. स्लाइडचा एक संच भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राकडे जमा करण्यासाठी पाठवला, दुसरा विभागात आहे.

पुन्हा करायचं झालं तर

थांबण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. चूक होती ती डॉक्टरांशी आधी न बोलण्यात. शवविच्छेदन तर होणारच होतं, योग्य कपडे आणि काळजी घेऊन होणार होतं, आणि फॉर्मॅलिन किंवा ७० टक्के अल्कोहोल कृमी टिकवतं तसंच फ्लूच्या विषाणूलाही निकामी करतं. सुरक्षितता आणि चांगला नमुना यांपैकी एक निवडावा लागणार असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दोन बरण्या आणि एक फोन एवढ्याने दोन्ही साधलं असतं. एका बरणीत फॉर्मॅलिन, शरीरासाठी. दुसरीत अल्कोहोल, डीएनएसाठी. आणि आतडं बंदच बुडवलं तर आतल्या कृमीपर्यंत द्रव उशिरा पोचतो, म्हणून एक लांब चीर.

ताजा कृमी हाती आला असता तर तो आधी कोमट मिठाच्या पाण्यात सैल होऊ दिला असता. आकसलेल्या कृमीत इंद्रियं एकमेकांवर चढतात आणि मग मोजणीत दोन माणसांचं एकमत होत नाही. डोकं कापून वेगळ्या स्लाइडवर बर्लेझ माध्यमात (नमुना पारदर्शक करणाऱ्या द्रवात) काचेखाली दाबलं असतं, म्हणजे हूक आडवे पडतात आणि मापता येतात. पक्षी पिल्लू होता की प्रौढ याची नोंद प्रत्येकासाठी केली असती; सातपैकी तिघांसाठीच ती आहे, आणि त्यामुळे लहान-मोठ्यांतला फरक आम्हाला तपासताच आला नाही. याची खंत मला हुकांपेक्षा जास्त आहे, कारण ती नोंद फुकट होती.

विद्यार्थिनी आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. जाण्याआधी तिने दवाखान्यात दोन बरण्या ठेवल्या. डॉक्टरांनी त्या इंजेक्शनच्या कपाटात वरच्या खणात ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर पेन्सिलने, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते, तिच्या अक्षरात लिहिलं आहे: आतडं लांब चिरून टाका, नळाचं पाणी लावू नका, पक्ष्याचं वय लिहा. आमच्या फ्रीजरमध्ये एका नर आणि एका मादी कृमीचे मधले तुकडे अल्कोहोलमध्ये आहेत, कॉक्स-१ साठी राखून ठेवलेले.